लॅप्स : एका शब्दाने बुडवलेले राज्य

मार्च महिना सरत आला की आपल्याकडील कचेऱ्यांतून एक इंग्रजी शब्द वारंवार कानी पडू लागतो. ‘३१ तारखेच्या आत बिले द्या, नाहीतर निधी लॅप्स होईल,’ असे हिशेबनीस बजावतो. न घेतलेली रजा लॅप्स होते. हप्ता चुकला की विम्याची पॉलिसी लॅप्स होते. इंग्रजी शाळेचे तोंड न पाहिलेली गृहिणीदेखील ‘ह्यांची पॉलिसी लॅप्स झाली’ असे सहज बोलून जाते आणि ऐकणाऱ्यालाही अर्थ विचारावा लागत नाही. शासकीय मराठीने या क्रियापदासाठी ‘व्यपगत होणे’ असा भारदस्त प्रतिशब्द घडवला खरा. पण तो कागदावरच राहिला. जिभेवर रुळला तो लॅप्सच.

इतका घरगुती झालेला हा शब्द एके काळी आपल्या प्रांतात एक राज्य गिळून बसला होता, हे मात्र आपण विसरून गेलो आहोत. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण सर्वांनी डलहौसीचे ‘खालसा धोरण’ पाठ केले. साताऱ्याचे नाव त्या यादीत पहिले लिहिले आणि गुण मिळवले. परंतु ज्या शब्दाचे ‘खालसा’ हे भाषांतर म्हणून आपण शिकलो, तो मूळ इंग्रजी शब्द काय सांगतो, तो कोठून आला आणि साताऱ्याला तो लागू होत होता की नाही, हा विचार फारसा कोणी केला नाही. त्या शब्दाच्या प्रवासात रोम आहे, कार्थेज आहे, ख्रिस्तसभेचा कायदा आहे, सातारा आहे आणि सांगलीही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

शब्दाचे कूळ

लॅटिन भाषेत ‘लाबी’ असे एक क्रियापद आहे. घसरणे, निसटणे, हळूच खाली सरकणे हा त्याचा अर्थ. पाणी उतारावरून वाहते तेव्हा ते ‘लाबी’ करते. तारा आकाशातून ढळतो तेव्हाही आणि माणसाचा पाय निसरड्या वाटेवर सटकतो तेव्हाही. या क्रियापदाचे धातुसाधित ‘लाप्सुस’, म्हणजे घसरलेला, आणि त्याच रूपाचे नाम, म्हणजे घसरण. हे नाम फ्रेंच भाषेतून १५व्या शतकात इंग्रजीत आले. काळ सरणे, चूक घडणे, हक्क बुडणे आणि श्रद्धेपासून ढळणे असे अर्थ त्याला पुढे एकामागून एक चिकटत गेले.

त्याची भावंडेही आपल्या ओळखीची आहेत. सारे काही एकदम एकत्र घसरले की ‘कोलॅप्स’. इमारत कोसळते ती अशी. बरे होऊ लागलेले दुखणे पुन्हा उलटले की डॉक्टर ‘रिलॅप्स’ म्हणतात. काळ हातातून निसटून गेला की ‘इलॅप्स’. मांडीला इंग्रजीत ‘लॅप’ म्हणतात आणि त्यावरून मांडीवरच्या संगणकाला ‘लॅपटॉप’ नाव पडले; मात्र तो लॅप या कुळातला नव्हे. तो जुन्या इंग्रजीतील वस्त्राच्या घोळाचा वाचक शब्द आहे. उच्चार जवळचे असले तरी रक्ताचे नाते नाही.

या क्रियापदाचा एक गुण वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी कथा त्या गुणावर उभी आहे. हे क्रियापद अकर्मक आहे. एखादी गोष्ट लॅप्स होते, ती कोणी करावी लागत नाही. फळ पिकून गळावे तशी ती आपली आपण गळते. ज्याच्या ओंजळीत ते फळ पडते, त्याच्याकडे वाक्य पाहतदेखील नाही.

कार्थेजचे ‘लाप्सी’

हा शब्द ख्रिस्ती जगाच्या इतिहासात फार लवकर आणि फार दुःखद प्रसंगी आला. इ. स. २४९ मध्ये डेशियस रोमचा सम्राट झाला. साम्राज्यातील प्रत्येकाने राज्याच्या देवतांपुढे यज्ञ करावा आणि तसा लेखी दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, अशी त्याची आज्ञा निघाली. इजिप्तच्या वाळूत अशा दाखल्यांचे ४०हून अधिक पपायरस सापडले आहेत. दाखला म्हणजे चार ओळींचा कागद. पण त्या कागदावर जीव अवलंबून होता.

पुष्कळ ख्रिस्ती माणसे त्या परीक्षेत टिकली नाहीत. काहींनी भीतीपोटी यज्ञ केला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी यज्ञ न करताच पैसे मोजून दाखला मिळवला. या सर्वांना ख्रिस्तसभेने एकच नाव दिले, ‘लाप्सी’, म्हणजे घसरलेले. छळाची लाट ओसरल्यावर हीच माणसे ख्रिस्तसभेच्या दारी परत आली आणि रडू लागली. त्यांना आत घ्यावे की नाही, यावरून ख्रिस्तसभा दुभंगण्याच्या बेतास आली. रोममधील नोवेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू म्हणत होता की, जो एकदा घसरला त्याला ख्रिस्तसभेत पुन्हा स्थान नाही. उलट काही जण कोणत्याही प्रायश्चित्ताशिवाय दार सताड उघडायला निघाले होते.

कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी २५१ मध्ये याच प्रश्नावर ‘दे लाप्सिस’ हा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी कार्थेजला भरलेल्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. प्रत्येकाचा विचार वेगळा व्हावा. ज्यांनी केवळ दाखला घेतला त्यांना प्रायश्चित्तानंतर आत घ्यावे. ज्यांनी यज्ञ केला त्यांनी दीर्घ प्रायश्चित्त करावे, परंतु मरणाच्या दारी त्यांनाही क्षमा नाकारू नये. पोप कॉर्नेलियस यांनी हीच भूमिका उचलून धरली. स्वतः सिप्रियन पुढच्या छळात घसरले नाहीत. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. या दोघांचा सण आपण आजही एकत्रच, १६ सप्टेंबरला पाळतो.

म्हणजे ख्रिस्तसभेच्या भाषेत या शब्दाला आरंभापासून दोन बाजू होत्या. एक, घसरणारा माणूस स्वतःच्या कृतीने वा दुबळेपणाने घसरतो. दुसऱ्याने बळकावले म्हणून कोणी ‘लाप्सुस’ होत नाही. दोन, घसरलेल्याला परतीची वाट असते.

कायद्यातला लॅप्स

मध्ययुगात या शब्दाला कायद्याचा अंगरखा चढला आणि तोही प्रथम ख्रिस्तसभेतच. एखाद्या चर्चचे धर्मपद रिकामे पडले आणि कोणीच नेमणूक केली नाही, तर भाविकांनी काय करावे? पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या काळात ११७९ मध्ये भरलेल्या तिसऱ्या लॅटरन महासभेने नियम केला की, रिकामे पद सहा महिन्यांत भरले जावे. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने कसूर केल्यास तो अधिकार त्या वेळेपुरता दुसऱ्याकडे जावा. इंग्लंडात या नियमाची पायरीपायरीची व्यवस्था झाली. चर्चच्या आश्रयदात्याने सहा महिन्यांत धर्मगुरूचे नाव सुचवले नाही, तर तो हक्क बिशपकडे जाई. बिशपनेही हयगय केली तर आर्चबिशपकडे. आणि त्यानेही केली तर राजाकडे. या हक्क निसटण्याला इंग्रजी कायद्यात ‘लॅप्स’ म्हणत.

येथे दोन अटी दिसतात. मुदत उलटली पाहिजे आणि हक्कदाराने काहीच केलेले नसले पाहिजे. आश्रयदात्याने नाव सुचवले, पण वरच्याला ते आवडले नाही, तर त्याला लॅप्स म्हणत नसत. तो तंटा होई आणि तंट्याचा निवाडा न्यायासनापुढे होई. हे सूत्र हाती घेऊन आता आपण साताऱ्याला जाऊ.

साताऱ्याची गादी

१८१८च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाला आणि त्याच्या छावणीत असलेले छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. नीरेपासून वारणेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपुराकडे पसरलेला मुलूख राजे, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे कायम राहील, असे त्या तहात लिहिले गेले. ‘मराठ्यांचा इतिहास’ लिहिणारा जेम्स ग्रँट डफ हाच तेव्हा तेथे कंपनीचा प्रतिनिधी होता.

प्रतापसिंह कर्तबगार आणि मानी राजे होते. पुढे मुंबई सरकारशी त्यांचे बिनसले. गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधून, कंपनीच्या शिपायांना फितवून राजे उठाव करू पाहतात, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. राजांनी तो साफ नाकारला. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आला. त्याने राजांपुढे पर्याय ठेवला : अपराध मान्य करणाऱ्या कागदावर सही करा आणि गादी राखा. राजांनी सही केली नाही. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देण्यापेक्षा गादी सोडणे त्यांनी पत्करले. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. तेथेच १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते निवर्तले.

वाचकहो, येथे कार्थेज आठवल्याशिवाय राहत नाही. प्रतापसिंह हिंदू राजे होते. त्यांचा लढा धर्मश्रद्धेचा नव्हता, राज्याचा आणि अब्रूचा होता. तरीही चार ओळींच्या कागदावर सही केली की सर्व काही शाबूत, न केली की सर्व काही गेले, ही कसोटी तीच. त्या कसोटीत जे घसरले त्यांना इतिहास ‘लाप्सी’ म्हणतो. साताऱ्याचा हा राजा घसरला नाही. आणि नऊ वर्षांनी त्याच्याच राज्याच्या कपाळी ‘घसरले’ असा शब्द लिहिला गेला.

प्रतापसिंहांच्या जागी त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आले. त्यांना पुत्रसंतान नव्हते. ५ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा अंत झाला. त्याच दिवशी, मृत्यूपूर्वी काही तास, त्यांनी भोसले घराण्यातील व्यंकोजी नावाच्या मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतले. तिकडे काशीला प्रतापसिंहांनीही मुलगा दत्तक घेतला होता. साताऱ्याला वारस नव्हता असे म्हणता येत नव्हते. उलट एकाऐवजी दोन होते.

शिवाय दत्तकाची रीत या गादीला नवी नव्हती. थोरले शाहू महाराज १७४९ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा रामराजे गादीवर आले ते दत्तक म्हणूनच. रामराजांनी १७७७ मध्ये भोसल्यांच्या वावी शाखेतील मुलगा दत्तक घेतला. तेच दुसरे शाहू आणि त्यांचेच पुत्र प्रतापसिंह व अप्पासाहेब. म्हणजे ज्या प्रतापसिंहांशी कंपनीने तह केला त्यांच्या वडिलांचा गादीवरील हक्कच मुळी दत्तकाने आलेला होता. त्या वेळी कंपनीने याला हरकत घेतली नाही.

डलहौसीचा युक्तिवाद

लॉर्ड डलहौसी १८४८च्या जानेवारीत हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे वय अवघे ३५ वर्षांचे होते. पहिल्याच वर्षी साताऱ्याचा कागद त्याच्या मेजावर पडला. न्यायाने पाहायचे तर त्याचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तो म्हणत होता की, दत्तक पुत्राला खाजगी मालमत्तेचा वारसा मिळेल, त्याबद्दल वाद नाही; परंतु सार्वभौम सत्तेच्या अधीन असलेल्या राज्याची गादी दत्तकाला मिळायची तर त्या सत्तेची संमती हवी. साताऱ्याचे राज्य १८१९ मध्ये कंपनीनेच निर्माण केले. संमती देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर आहे. आणि मुलूख वाढवण्याची रास्त संधी चालून आली असता ती दवडू नये.

या म्हणण्यात एक धागा खरा होता. मोगल आणि पेशवे यांच्या काळीही जहागीरदार निपुत्रिक वारला की दत्तकासाठी वरिष्ठांची मान्यता घ्यावी लागे आणि त्यासाठी नजराणा भरावा लागे. पण त्या रीतीत नजराणा घेऊन वारस कायम करणे हा सर्वसाधारण रिवाज होता. डलहौसीने रिवाजातील मान्यतेचा भाग उचलला आणि तिच्या जोरावर नकाराचा हक्क उभा केला.

त्याच्याच लोकांना हे पटले नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क याने दत्तक मान्य करावा असे मत दिले. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर याचाही कल दत्तकाच्या हक्काकडे होता. क्लार्क पायउतार झाला, त्याच्या जागी लॉर्ड फॉकलंड आला, आणि मुंबई कौन्सिलातील विलोबी याने राज्य खालसा करण्याच्या बाजूने लिहिलेले टिपण डलहौसीने आधाराला घेतले. लंडनच्या संचालक मंडळानेही, काही सभासदांचा विरोध नोंदवून घेत, जानेवारी १८४९ मध्ये मंजुरी दिली. दैवाचा खेळ असा की खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार पाहायला त्याच फ्रियरला बसवण्यात आले.

आता मघाचे सूत्र लावून पाहावे. मुदत उलटली होती का? नाही. हक्कदाराने हयगय केली होती का? नाही, त्याने वारस पुढे केला होता. वरच्याला तो मान्य नव्हता, एवढेच. मग हा शब्दाच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे लॅप्स नव्हता. तो तंटा होता आणि त्या तंट्यात वादी, न्यायाधीश व लाभार्थी एकच होता. ‘साताऱ्याचे राज्य आम्ही घेतले’ असे म्हणायचे तर वाक्याला कर्ता द्यावा लागला असता. ‘साताऱ्याचे राज्य लॅप्स झाले’ असे म्हटले की कर्ता नाहीसा होतो. राज्य जणू पिकले आणि गळले.

आपल्या माणसांनी हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मराठीत शब्द रुजला तो ‘खालसा’. अरबी ‘खालिस’ म्हणजे शुद्ध, निर्भेळ. त्यावरून ज्या जमिनीचा वसूल मधल्या कोणा जहागीरदाराकडे न जाता थेट सरकारी खजिन्यात जाई, ती मोगल कारभारात खालसा जमीन. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये स्थापलेल्या शीख पंथाचे नावही याच मुळाचे. मराठीत संस्थान ‘खालसा झाले’ असे म्हणतात, तसेच ‘खालसा केले’ असेही म्हणतात; आणि ‘केले’ म्हटले की कोणी केले हा प्रश्न आपोआप उभा राहतो. इंग्रजी शब्दाने झाकलेला कर्ता मराठीने असा उघडा केला.

हा कर्ता जगापुढे उघडा करण्यासाठी एक माणूस सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये झिजला. रंगो बापूजी गुप्ते हे प्रतापसिंहांचे वकील. धनी पदच्युत झाले, वारले, राज्यही गेले. तरी अर्जांमागून अर्ज करीत ते तेथे राहिले आणि १८५३च्या अखेरीस रिकाम्या हाताने परतले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाचा कट उघडकीस आला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी शहराजवळच्या गेंडामाळावर १७ जणांना देहदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. खुद्द रंगो बापूजी कंपनीच्या हाती लागले नाहीत. ते कायमचे दिसेनासे झाले. साताऱ्याच्या टेकडीवर ‘चार भिंती’ नावाचे स्मारक आहे. संध्याकाळी तेथे वारा खायला जाणाऱ्यांनी क्षणभर या बापलेकांना आठवावे.

सांगलीचे नशीब

१८४८ मध्येच साताऱ्याच्या दक्षिणेस पटवर्धनांच्या तासगाव शाखेचा मुलूखही वारसाअभावी कंपनीने घेतला. सांगलीची गोष्ट मात्र वेगळी घडली. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब यांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे होऊन सांगली राजधानी केली होती. ते १८५१ मध्ये वारले, तेव्हा त्यांचे पुत्र धुंडिराज तात्यासाहेब गादीवर आले. त्या काळात डलहौसी अधिकारावर होता. पण औरस पुत्र असल्याने सांगलीवर त्या शब्दाची सावली पडली नाही. साताऱ्यापाठोपाठ झाशी आणि नागपूर गेले, सांगली राहिली.

खरी कसोटी पुढे आली. धुंडिराज डिसेंबर १९०१ मध्ये औरस वारस न ठेवता वारले. म्हणजे साताऱ्यास १८४८ मध्ये जो प्रसंग आला, नेमका तोच सांगलीस आला. किंबहुना अधिक बिकट, कारण सुमारे दीड वर्ष गादी रिकामी राहिली. शब्द तोच असता तर सांगली बुडायला हवी होती. बुडाली नाही. १९०३च्या जूनमध्ये पटवर्धन कुळातील विनायकराव या १३ वर्षांच्या मुलाला दत्तक म्हणून गादीवर बसवण्यात आले. तेच धाकटे चिंतामणराव अप्पासाहेब. १९३०च्या लंडनच्या गोलमेज परिषदेत ते संस्थानिकांच्या प्रतिनिधींमध्ये बसले होते. ज्या शहरात रंगो बापूजींना कोणी दाद दिली नाही, त्याच शहरात साताऱ्याच्या शेजारचा एक दत्तक राजा सन्मानाने बोलत होता.

मधल्या काळात काय बदलले? हिंदू धर्मशास्त्र बदलले नव्हते, दत्तकविधी बदलला नव्हता. बदलली होती राज्यकर्त्यांची गरज. १८५७च्या आगीने हात पोळल्यावर राणीच्या १८५८च्या जाहीरनाम्यात संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याचे वचन देण्यात आले आणि लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. ज्या हक्काला १४ वर्षांपूर्वी मर्जी म्हटले होते, त्याला आता कागदावर हक्क म्हटले गेले.

या सनदांचे फळ महाराष्ट्राने चाखले आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक आले. कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला, तेच राजर्षी शाहू महाराज. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, वसतिगृहे, मागासलेल्यांसाठी राखीव जागा ही या दोघांची कामे आज सर्वज्ञात आहेत. डलहौसीचा शब्द टिकून राहता, तर हे दोन्ही राजे आपापल्या खेड्यात शेतीवाडी पाहत राहिले असते. साताऱ्यात असे काय घडू शकले असते, ते आता कोण सांगणार?

शब्द परत फिरतो

इतिहास कधी कधी हिशेब फार नेटका पुरा करतो. १९४७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने हिंदी स्वातंत्र्याचा कायदा केला. त्याच्या सातव्या कलमात हिंदी संस्थानांवरील ब्रिटिश राजाच्या अधिसत्तेचे काय होणार ते लिहिले आहे आणि तेथे योजलेले क्रियापद हेच : लॅप्स. ज्या अधिसत्तेच्या बळावर साताऱ्याचे राज्य ‘घसरले’ असे ठरवले गेले, ती अधिसत्ताच १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्याच शब्दाने घसरली. याही वेळी कर्ता झाकलेला राहिला. जणू सत्ता आपली आपण ओसरली. चले जावची चळवळ, साताऱ्याचे प्रतिसरकार, तुरुंग आणि हुतात्मे यांचा जणू तिच्याशी काही संबंधच नव्हता. ज्या भूमीवरून अकर्मक क्रियापदाने राज्य नेले, तिच्याच लेकरांनी १९४२ नंतर गावोगाव स्वतःचे सरकार चालवले. पण कायद्याच्या व्याकरणात त्यांना जागा नव्हती.

सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. अप्पासाहेबांच्या मृत्यूला शंभर वर्षे पुरी व्हायला महिनाच उरला होता. या वेळचा शब्द ‘विलीन’ होता. राजाची सही होती आणि प्रजेची इच्छा होती. पुढल्या वर्षी सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडील भागाला आधी दक्षिण सातारा हे नाव मिळाले आणि १९६० मध्ये ते सांगली झाले. एक राजधानी ज्या शब्दाने गेली आणि दुसरी ज्या शब्दातून वाचली, त्या दोघी काही काळ एकाच नावाच्या दोन जिल्ह्यांत नांदत होत्या.

शेवटी आपल्या घरात येऊ. विम्याची पॉलिसी लॅप्स झाली तरी ठरावीक मुदतीत थकलेले हप्ते भरून ती पुन्हा चालू करता येते. मिस्साला येणे सोडलेल्या माणसाला इंग्रजी बोलणारे ‘लॅप्स्ड कॅथलिक’ म्हणतात. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात असे चार जण असतात आणि त्यांच्यासाठी पापनिवेदनाची जागा रिकामी ठेवलेली असते, ही सिप्रियन आणि कॉर्नेलियस यांची देणगी. विमा कंपनीलाही परतीची वाट ठाऊक आहे, ख्रिस्तसभेला तर ती १,७०० वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. कंपनी सरकारच्या कोशात मात्र या शब्दाला परतीचा अर्थ नव्हता.

आणि आणखी एक. ‘तो आता येत नाही, तो घसरला,’ असे आपण एखाद्याबद्दल म्हणतो, तेव्हा या अकर्मक क्रियापदापाशी थोडे थांबावे. तो आपणहून घसरला, की आजारपणात त्याच्या दारी आपल्यापैकी कोणी गेले नाही? त्याने वारस पुढे केला नाही, की त्याने पुढे केलेला हात आपणच नामंजूर केला? साताऱ्याची कहाणी एवढे शिकवते की, कोणी पडले असे ऐकले की वाक्यात कर्ता शोधावा. कधी कधी तो पडलेल्याच्या शेजारी उभा असतो.